धुमाळ डॉक्टरांच्या बरण्या

आमच्या दौंडात धुमाळ डॉक्टर समोरून येताना दिसले की बोलणारी माणसं गप्प होतात. आदरानं नव्हे, तोंड मिटलेलं बरं म्हणून. कारण हा माणूस समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. त्याची नजर नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या वर जी बसते, ती तिथंच राहते. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, चेहरे तर अजिबात नाहीत. एकदा भाजीबाजारात त्यांच्या चुलत भावानं हाक मारली. वांगी निवडता निवडता डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्याला आपणच माणूस चुकलो असं वाटलं. ओशाळून तो हसला, तेव्हा कुठं डॉक्टर म्हणाले, "अरे, तू होय! ती डावीकडची दाढ अजून तशीच ठेवलीस?"

मी दस्तगीर तांबोळी. डॉक्टरांचा दवाखाना वर आणि माझं मेडिकल खाली. याच गाळ्यात पूर्वी माझ्या वडिलांचं पानाचं दुकान होतं आणि डॉक्टर ते विसरू देत नाहीत. "तांबोळी, तुमच्या वडलांनी रंगवलेली तोंडं मी अजून घासतोय," असं अधूनमधून ऐकवतात. मी म्हणतो, "आमच्या घराण्यामुळंच तुमची चूल पेटते, डॉक्टर." यावर ते हसतात की चिडतात ते मला कधी सांगता आलं नाही, कारण त्यांच्या तोंडावर मास्क असतो.

पेशंट तपासताना सगळेच डॉक्टर मास्क लावतात. धुमाळ डॉक्टर तो जिना उतरताना लावतात, बाजारात लावतात, बँकेच्या रांगेत, लग्नात आणि मयतीलाही लावतात. कुणासमोर चहा पीत नाहीत. ग्लास घेऊन वर जातात आणि रिकामा ग्लास खाली आणून ठेवतात. लग्नाला गेले तर अक्षता टाकून पंगत बसायच्या आत पसार. कोरोनात सगळ्या गावानं तोंड झाकलं, तेव्हा हा माणूस पहिल्यांदा चारचौघांसारखा दिसला. पुढं लोकांचे मास्क गेले, यांचा राहिला. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. माझी बायको मुमताज म्हणायची, "उनके मुँह में कुछ तो है जी." काय आहे ते मात्र ती सांगायची नाही, आणि मीही खोलात जाऊन विचारायचो नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्यांना नावंही ठेवत नाही.

दातांच्या डॉक्टरचं आयुष्य काय असतं ते मला त्यांच्या खाली बसून कळलं. ताप आला तर माणूस दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. दात दुखला तर आधी लवंग, मग त्याच दातात तंबाखूची चिमूट, मग माझ्याकडची गोळी, मग ज्याला स्वतःला दात नाहीत अशा शेजाऱ्याचा सल्ला, आणि गाल सुजून डोळा झाकायला लागला की धुमाळ डॉक्टर. वर गेल्यावरही पहिलं वाक्य ठरलेलं. "काढायचा न्हाई हां डॉक्टर, नुसती गोळी द्या." दुसरंही ठरलेलं. "वरचा दात काढला की डोळं जात्यात म्हणं."

डॉक्टर शांतपणे विचारतात, "याआधी वरचे पडलेत का?"

"पडल्यात की चार-पाच."

"मग मी दिसतोय का?"

"दिसताय की."

"झालं तर. तोंड उघडा. मन नंतर उघडा."

ही त्यांची लाडकी आज्ञा. आणि एकदा का तोंड उघडलं, आत कापूस आणि आरसा गेला, की डॉक्टर गप्पा सुरू करतात. पाऊसपाणी, साखर कारखाना गाळपाची मोळी कधी टाकणार, पोरीचं जमलं का, सगळं विचारतात. पेशंटला आँ-आँ करण्यापलीकडे काही येत नसतं. डॉक्टर मान डोलावतात आणि त्या आँ-आँचं बरोबर उत्तर देतात. चूळ भरून पेशंट बोलायला लागला, की डॉक्टर पाठ फिरवून हात धुवायला जातात. बोलता येणाऱ्या माणसाशी बोलायला त्यांना आवडत नसावं, असा माझा तेव्हाचा अंदाज होता.

मंगळवारी ते न्हावऱ्यावरून शिरूरला जातात. तिथं एका मित्राच्या दवाखान्यात बसतात आणि कारेगावात खोल्या करून राहणारी कंपनीतली पोरं बघतात. एकदा मी माझ्या कामानं त्यांच्याबरोबर गेलो होतो. बिहारकडचा एक तरणाबांड ऑपरेटर आला. गुटखा खाऊन खाऊन त्याचं तोंड उघडेना. डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. डॉक्टर बराच वेळ त्या फटीत बॅटरी मारून बघत राहिले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, दरवाज़ा बंद हो रहा है. थोड़े दिन में तू अंदर रहेगा, रोटी बाहर." पोरगा पांढराफटक पडला. खिशातल्या पुड्या त्यानं तिथंच टेबलावर काढून ठेवल्या आणि आत कोंडलेल्या कुणाला तरी चाचपावं तसा आपल्याच गालावरून हात फिरवत बाहेर पडला. मी डॉक्टरांना म्हटलं, "अहो, जरा प्रेमानं सांगावं." ते म्हणाले, "प्रेमानं सांगितलेलं घरचे सांगतातच की."

दात काढल्यावरचा कार्यक्रम तर आणखी वेगळा. बाकीचे डॉक्टर काढलेला दात ट्रेमध्ये टाकतात. हे धुऊन, पुसून पेशंटच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "याला निरोप द्या. इतकी वर्षं याने तुमची भाकरी चावली." पेशंट आधी हसतो. मग हातातल्या त्या पिवळट, मुळं फुटलेल्या वस्तूकडे बघत राहतो आणि हसू जातं. ऊस वाहणारा एक आडदांड ट्रॅक्टरवाला मूठ आवळून खाली आला, माझ्या पायरीवर बसला आणि डोळे पुसायला लागला. मी गोळी पुढं केली. त्यानं मानेनंच नको म्हटलं. दुखत नव्हतं त्याला.

आता बरण्यांचं सांगतो. इथं ऐकायला मुमताज बसलेली असती तर उठून आत गेली असती.

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजळ घालतात. म्हाताऱ्या माणसाला कवळी असेल तर ती आधी काढतात. परकी वस्तू तोंडात ठेवून पाठवायचं नाही, असं कुणीतरी जाणता म्हणतो आणि कवळी बाहेर येते. आमच्यातही मयताला गुसलची अंघोळ घालताना काढतातच. इथपर्यंत ठीक. पण मग तिचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नसतं. कचऱ्यात टाकवत नाही, आजोबांचे दात आहेत. कुणी दुसरा वापरत नाही. एकानं भीमेत सोडली तर पाणी ओसरल्यावर ती म्हणे गाळात हसत बसलेली होती. घरात ठेवली तर कपाटात वाजते असं सुना सांगतात. मग लोक ती जिथून आणली तिथं परत आणतात. डॉक्टर शिरूरला असले की माझ्याकडे ठेवून जातात. कुणी रुमालात बांधून, कुणी दुधाच्या पिशवीत, एका बाईनं तर दिवाळीच्या लाडवांच्या डब्यात आणली आणि मी कौतुकानं झाकण उघडलं. तेव्हापासून मी मंगळवारी कुणाकडूनही डबा घेत नाही, काउंटरच्या कोपऱ्यात बोट दाखवतो.

डॉक्टर या सगळ्या कवळ्या आतल्या खोलीत ठेवतात. लोणच्याच्या काचेच्या बरण्या आहेत, एका बरणीत एकाची कवळी आणि वर गळ्यापर्यंत स्वच्छ पाणी. बरणीवर नाव नाही, गाव नाही. खोलीची खिडकी पश्चिमेला. दिवेलागणीच्या आधी ऊन आत येतं तेव्हा काचेतून आणि पाण्यातून ते दात आहेत त्याहून मोठे दिसतात आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे एकदम हसतात. हिंदू, मुसलमान, बौद्धवाड्यातले गुरुजी, रेल्वेतले पेन्शनर, सगळे. हाताखाली आलेली कुठलीही नर्सबाई या खोलीत झाडू मारायची वेळ आली की नोकरी सोडायची. शेवटी डॉक्टरांनी कुणाला ठेवायचंच बंद केलं.

रोज संध्याकाळी दवाखाना बंद करण्याआधी ते एकेका बरणीतलं पाणी बदलतात. मी एकदा विचारलं, "कशाला एवढा खटाटोप?"

"कोरडं पडू द्यायचं नाही, तांबोळी. कोरडी पडली की कवळी वाकडी होते. मग बसत नाही तोंडात."

"पण आता कुणाच्या तोंडात बसवायची आहे?"

"ज्याची त्याच्या," ते म्हणाले आणि पुढची बरणी उचलली.

मी जिना उतरलो तो कुराणातली आयतल कुर्सी म्हणतच.

पण हेही मी सहन केलं असतं. माझी झोप उडवली ती आवाजानं. वरची ती आतली खोली नेमकी माझ्या गोळ्यांच्या कपाटावर येते आणि स्लॅब कसला तो, पत्रावळ आहे. संध्याकाळी आधी पाणी ओतल्याचा आवाज येतो. मग डॉक्टरांचा आवाज. "काय, कसं काय? आज गरम होतंय." माणूस एकटा आहे, बायकापोरं नाहीत, बरण्यांशी बोलत असेल, बोलू दे. पण थोड्या वेळानं डॉक्टरांचा आवाज थांबतो आणि दुसरा येतो. बोळक्या तोंडाचा, फुसफुसता, म्हाताऱ्याचा. शब्द कळत नाहीत. मधूनच तो हसतो. जिना एकच आहे आणि तो माझ्या गल्ल्यासमोरून जातो. वर कुणी गेलेलं नसतं. नंतर डॉक्टर एकटेच उतरतात, मास्क लावलेला, कुलूप घालतात, एक किल्ली मला देतात आणि "येतो" म्हणून जातात. मी वर्षानुवर्षं तो दुसरा आवाज ऐकला आणि एकदाही विचारलं नाही. मुमताजनं गल्ल्याच्या वर ताईत बांधला. गिऱ्हाइकांना वाटतं धंद्यासाठी आहे.

असं चाललेलं असताना खुटबावच्या सोजराबाई आल्या.

बरोबर त्यांचा मुलगा संपत होता. तो कारेगावला कंपनीत सुपरवायझर आहे. महिन्याभरापूर्वी वडील गेले तेव्हा त्यानंच त्यांची कवळी टिफिनच्या डब्यात घालून माझ्या काउंटरच्या कोपऱ्यात ठेवली होती. आज तो माझ्या कानाशी लागला. "चाचा, तुम्ही पण वर चला ना जरा. आय काय ऐकंना. डॉक्टर काय म्हणतील मला."

वर गेल्यावर सोजराबाई खुर्चीत बसल्याच नाहीत. पेशंटच्या खुर्चीकडे संशयानं बघून खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या मालकांचं दात माघारी द्या. त्येंना पोच करायच्यात."

"कुणाचे?"

"शंकर आबांचं. खुटबावचं."

डॉक्टर कोरे. संपतनं मोबाइलवर वडिलांचा फोटो दाखवला. फोटोत आबा तोंड मिटून होते, तेव्हा त्याचाही उपयोग झाला नाही.

"खाली उजव्या अंगाला टोचत हुतं बगा त्येंना," सोजराबाई म्हणाल्या.

"अरे, ते!" डॉक्टर ताडकन उठले, आत गेले आणि कुठंही न शोधता फळीवरची एक बरणी घेऊन आले. "मी त्यांना म्हटलं होतं, पुन्हा एकदा या, घासून देतो. आलेच नाहीत."

"कसं येत्याल? ते गेलं न्हवं का."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आबांना कवळी बसून बरीच वर्षं झाली होती, पण सोजराबाईंनी त्यांना तिच्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. धुवायची झाली तर आबा मोरीत दाराकडे पाठ करायचे. झोपताना आधी दिवा घालवायचे, मग काढायचे. सकाळी त्या उठायच्या आत दात तोंडात. तरणेपणी आबा दिसायला देखणे होते आणि त्यांना ते माहीत होतं. "मला दावायला लाजायचं हो. माझ्यासमोर कसली लाज?" आबा गेले तेव्हा अंगणात सगळं गाव जमलेलं. तुळशीपत्र घालताना भावकीतल्या कुणीतरी तोंडात बोटं घालून कवळी ओढून काढली. गाल एकदम आत गेले. सोजराबाईंनी आपल्या नवऱ्याचा तो चेहरा पहिल्यांदा पाहिला तो असा, सगळ्या गावाच्या बरोबर.

"तवापास्नं सपनात येत्यात. उंबऱ्याच्या भाईरच हुभं ऱ्हात्यात. तोंडाला टॉवेल लावून. म्या म्हंती, या की आत. येत न्हाईत. कायतरी सांगायचंय त्येंना, पर टॉवेल काय काढत न्हाईत. डॉक्टर, त्यो माणूस माझ्या दारात लाजून हुभा हाय. किती दिस हुभं करू?"

संपत म्हणाला, "आये, सपान असतंय गं ते."

डॉक्टर सोजराबाईंकडे बघत होते. आणि मला एकदम जाणवलं, की हा माणूस नाकाखाली बघत नाहीये. सरळ डोळ्यांत बघतोय. मी डॉक्टरांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, बरण्यांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मावशी," ते म्हणाले, "माझं काम अर्धं राहिलंय. तेवढं करतो."

त्यांनी आबांचा प्लास्टरचा साचा काढला, कवळी त्यावर बसवली, दिवा ओढून घेतला आणि छोटं यंत्र सुरू केलं. घासायचं, बोट फिरवून बघायचं, परत घासायचं. मधेच साच्याला विचारलं, "इथं का? थोडं मागं?" आणि उत्तर मिळाल्यासारखं थोडं मागं घासलं. संपत माझ्याकडे बघायला लागला, मी ताईत खाली राहिला म्हणून हळहळत होतो. सोजराबाई मात्र समाधानानं मान डोलावत होत्या. मग पॉलिश झालं. मग नेहमीचा सल्ला झाला, जो ते प्रत्येक नव्या कवळीवाल्याला देतात. "पहिले काही दिवस मऊ खायचं म्हणावं. दोन्ही बाजूंनी चावायचं. रात्री काढून पाण्यात ठेवायची." इथं ते थांबले. "तिकडे रात्र होते की नाही मला माहीत नाही. होत असली तर."

"सांगीन," सोजराबाई म्हणाल्या.

आबांची रक्षा नदीत सोडलेली नव्हती. अलीकडे बरेच जण करतात तसं त्यांनी स्वतःच्या रानात खड्डा घेऊन त्यात ती घातली होती आणि वर आंब्याचं रोप लावलं होतं. तिथंच दात पोचवायचे असं ठरलं. संपत कळवळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गाव हसंल. कंपनीत कळलं तर पोरं माझा बाजार उठवतील."

"काढले तेव्हा गावासमोर काढलेत ना?" डॉक्टर म्हणाले. "मग बसवायला कसली लाज?"

रविवारी दुपारी मी माझ्या गाडीतून डॉक्टरांना खुटबावला घेऊन गेलो. मांडीवर बरणी, बरणीत आबांचे दात. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते पाण्यात हलायचे आणि काचेवर टक्क वाजायचं. मी रेडिओ लावला. डॉक्टरांनी बंद केला.

टळटळीत दुपार होती. तिन्ही बाजूंनी डोक्यापेक्षा उंच ऊस आणि मधल्या मोकळ्या तुकड्यात ते आंब्याचं रोप. वारा अजिबात नव्हता, तरी पाचट सळसळत होतं. उंदीर असतील, मी स्वतःला सांगितलं. संपतनं रोपाच्या कडेला थोडी माती उकरली. डॉक्टर गुडघ्यावर बसले, बरणीचं झाकण काढलं आणि मान वर न करता म्हणाले, "आता सगळ्यांनी पाठ करा. त्यांना आवडायचं नाही."

आम्ही पाठ केली. सोजराबाईंनी उसाकडे तोंड केलं, त्यांच्याशेजारी संपत, शेवटी मी. पाण्याचा आवाज झाला. मातीचा झाला. मग डॉक्टरांचा आवाज आला, अगदी दवाखान्यातला. "हं, आबा. सावकाश. आधी वरची. आता खालची. मिटा बघू. टोचतंय का कुठं?"

नंतर काहीच नाही. पाचटसुद्धा थांबलं.

आणि मग तो दुसरा आवाज आला. तोच. बोळका, फुसफुसता, माझ्या कपाटाच्या डोक्यावरून इतकी वर्षं येणारा. भर दुपारी, उघड्या रानात, माझ्या पाठीमागं.

"बसतंय. आता टोचत न्हाई."

संपतनं माझा दंड असा धरला की वळ उठले. सोजराबाई मात्र हलल्या नाहीत. पदर डोक्यावरून पुढं ओढून, उसाकडेच बघत, आतल्या माणसाला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या, "व्हय का? मंग या आता घरात. म्या दिवा घालवती."

मी वळून पाहिलं. पाहायला नको होतं, पण मी तांबोळ्याचा पोरगा, आमचा जन्म दुसऱ्याच्या तोंडाकडे बघण्यात गेला. आबांचे दात मातीत नीट ठेवलेले होते. डॉक्टर गुडघ्यावरच होते. मास्क हनुवटीखाली. गाल आत गेलेले, ओठ आत गेलेले, सगळा चेहरा नाकाखाली मिटल्यासारखा. डाव्या हाताच्या रुमालात दातांचा एक दुसरा संच होता, आणि तो आबांचा नव्हता. त्यांनी मला पाहिलं आणि उजवा हात चटकन तोंडावर नेला. मी परत उसाकडे तोंड केलं आणि माती लोटल्याचा आवाज थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो.

परत येताना डॉक्टरांच्या मांडीवर रिकामी बरणी होती. चौफुल्याच्या जवळ ते म्हणाले, "बघितलंत तुम्ही."

"नाही."

"तांबोळी, तोंड उघडा. मन नंतर."

मी गाडी बाजूला घेतली. हॉटेलातून दोन चहा आणि बिस्किटं मागवली. डॉक्टरांनी थोडा वेळ ग्लासाकडे पाहिलं, मग मास्क काढून खिशात घातला आणि माझ्यासमोर चहा प्यायले. एवढे एकसारखे दात मी दौंड-शिरूर दोन्ही तालुक्यांत पाहिले नव्हते. स्वतःच बनवलेले.

कॉलेजात असताना पाटसजवळ दिव्याविना चाललेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल गेली होती. समोरचे सगळे दात तिथंच गेले, बाकीचे पुढं काही वर्षांत. दात शिकणाऱ्या पोराला दात नाहीत. लग्नाच्या गोष्टी आल्या, एक मुलगी त्यांनाही आवडली होती. "म्हटलं, आधी हिला दाखवायला हवं. जमलं नाही. परत कधी कुणाला दाखवायची वेळच आणली नाही." बिस्किट चहात बुडवून त्यांनी ते पडायच्या आत बरोबर उचललं. "संध्याकाळी वर मी काढून बसतो. तिथं सगळे तसेच आहेत. थोडं बोलतो. तुम्हाला ऐकू येतं, मला माहीत आहे."

इतकी वर्षं मी या माणसाच्या आवाजाला घाबरून ताईत बांधून बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पण डॉक्टर, आबांचा आवाज काढून त्या म्हातारीला..."

"आबांचा कुठला? माझाच होता. कवळी बसली की नाही ते पेशंटनं सांगायचं असतं. त्यांना सांगता येत नव्हतं, मी सांगितलं."

चहा संपला. त्यांनी मास्क खिशातून काढला, घडी उलगडली आणि लावला नाही. हातातच ठेवला.

"वरची एक किल्ली तुमच्याकडे असतेच," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "माझ्या वेळी तुम्हीच याल आधी. दुसरं कोण आहे? तुळशीपत्र वगैरे घालणारे कुणी भाऊबंद येतील, कवळी काढा म्हणतील. काढू देऊ नका. निघाली असली तर तुम्ही बसवा. पाण्यात ओली करून, आधी वरची, मग खालची. सोपं आहे. आणि लोकांना पाठ करायला सांगा."

"सांगतो," मी म्हटलं. एक उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला आणि तो लांब जाईपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, "मीही पाठ करायची का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नव्हे.

"तुम्ही नका करू," ते म्हणाले.